थंड जागी ठेवावे

"औषध फ्रिजमध्येच ठेवता ना?" शाल्मलीच्या कानात बघायची छोटी बॅटरी विझवत डॉ. नेहेतेंनी विचारलं.

मी हो म्हणाले, पण जरा दुखावूनच. रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या, कॉलेजात तासिका तत्त्वावर का होईना पण शिकवणाऱ्या आईला हे विचारायचं, म्हणजे भटजींना दर्भ ओळखता का असं विचारण्यासारखं झालं. पावडरच्या बाटलीत उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत कसं भरायचं, हे दुकानदार सांगायला लागला तेव्हा मी त्याला मध्येच थांबवलं होतं. बाटली फ्रिजच्या मधल्या कप्प्यात होती. दारात ठेवली नव्हती, कारण दार सारखं उघडतं. चमच्यावर माझा विश्वास नव्हता, म्हणून सिरिंज आणली होती. मोबाइलवर दोन गजर होते. एक औषध द्यायचा आणि दुसरा, पहिला ऐकला का हे विचारणारा.

"मग एव्हाना ताप उतरायला हवा होता," डॉक्टर म्हणाले आणि कापसाने तिच्या कानातला पू टिपायला लागले.

अडीच वर्षांची शाल्मली रडली नाही. त्याचीच मला जास्त भीती वाटली. पहिल्यांदा आणली तेव्हा तिने सगळा दवाखाना डोक्यावर घेतला होता. आता ती माझ्या खांद्यावर गरम पोटीस ठेवल्यासारखी पडून होती.

डॉक्टरांनी सांगितलं ते एवढंच. कानाच्या पडद्यामागे पू साठतोय आणि जंतू औषधाला दाद देत नाहीयेत. असंच चाललं तर तो पू कानामागच्या हाडात उतरू शकतो. ऐकण्यावर परिणाम होऊ शकतो. परवा सकाळी ताप असला तर भरती करायचं आणि शिरेतून मोठं औषध सुरू करायचं. मी म्हटलं, मग ते मोठं औषध आजच द्या की. त्यावर त्यांनी चष्मा काढला.

"मोठं औषध कपाटात असतं तोवरच मोठं असतं. उठसूट काढलं की जंतू त्यालाही सरावतात. मग खरी वेळ आली की माझ्या हातात काय राहतं?"

रिक्षा घरापाशी येईपर्यंत मी घरातल्या सगळ्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं होतं. पहिला संशय आईंवर, म्हणजे सासूबाईंवर. लसूण घालून कढवलेलं तेल कानात घालू या, असं त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. मी ती वाटी मोरीत ओतली होती. त्यांनी ते पाहिलं होतं आणि काही बोलल्या नव्हत्या. आई कधीच काही बोलत नसत. त्या घरात बोलायचं खातं नानांकडे होतं.

नाना म्हणजे माझे सासरे. खानदेशातल्या आमच्या गावात, गेटवर संगमरवरी पाटी लावलेलं घर त्यांचं. पाटीवर लिहिलं होतं, रा. ज. फालक, सेवानिवृत्त उपअभियंता. आयुष्य वीजखात्यात गेलेलं. नोकरीत असताना लोकांची वीज तोडली आणि निवृत्त झाल्यावर घरच्यांची, असं माझा नवरा हर्षल म्हणायचा. म्हणायचा तो फोनवरून. तो गुजरातमध्ये एका खतांच्या कारखान्यात होता, आणि नानांविषयीचं सगळं धैर्य त्याला राज्याची हद्द ओलांडल्यावर येत असे.

दिवाणखान्यात टीव्हीच्या वर, देवघरातल्या देवांपेक्षा चांगली हातभर उंच, एक फ्रेम टांगलेली होती. गुणवंत अभियंत्याचं प्रशस्तिपत्र. त्यामागची गोष्ट घरी येणाऱ्या प्रत्येकाला, गॅसचं सिलिंडर आणणाऱ्यासकट, ऐकावी लागे. मे महिन्यातली भर दुपार. नाना तरुण, एका आडगावच्या सबस्टेशनचे प्रमुख. ट्रान्सफॉर्मरचं तेल उकळायला आलेलं, काट्याने लाल रेघ ओलांडलेली. वरून हुकूम असा की सप्लाय बंद करायचा नाही, मंत्र्यांची सभा आहे. नानांनी एकट्याने निर्णय घेतला, धावत जाऊन स्विच ओढला आणि ट्रान्सफॉर्मरला दुपारभर विश्रांती दिली. मंत्र्यांचा माइक गेला, पण ट्रान्सफॉर्मर वाचला. गोष्ट संपवताना ते नेहमी बोट वर करत. यंत्रालाही जीव असतो. देवळात देवालासुद्धा दुपारी पडदा लावतात, मग यंत्राने काय पाप केलंय?

या सिद्धान्तामुळे आमच्याकडे चटणी दोन हप्त्यांत वाटली जाई, मधे मिक्सरला श्वास घ्यायला वेळ मिळावा म्हणून. टीव्ही जाहिरातींत बंद होई. पाण्याची मोटर टाकी अर्धी भरली की थांबे, आणि वरच्या मजल्यावर आंघोळ करणारा माणूस साबण लावून तिच्या विश्रांतीचा विचार करत उभा राही. मला हे विनोदी वाटत असे. हर्षलला मी फोनवर सांगायची आणि आम्ही दोघं हसायचो.

त्या संध्याकाळी मात्र हसायचं काही नव्हतं. आईंनी देवाची शपथ घेऊन सांगितलं की तेलाचा थेंब घातलेला नाही. मग माझा संशय दुकानदारावर गेला. औषधच नकली असेल. हर्षल म्हणाला, बॅच नंबर वाच. मी वाचला. त्याने तो लिहून घेतला आणि पुढे त्या नंबराचं काय करायचं हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. शेजारच्या काकूंच्या मते दाढा येत होत्या. दूधवाल्याच्या मते दृष्ट होती. नानांच्या मते पोरीला उगाच सारखं हातात घेतल्यामुळे तिला विश्रांती मिळत नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी पेपर तपासायला गेले. तासिकेवरच्या बाईने मे महिन्यात नाही म्हटलं, तर जूनमध्ये तिच्यासाठी तासिका शिल्लक राहत नाहीत. विद्यापीठाला निकालाची एवढी घाई होती की रविवारीसुद्धा केंद्र चालू असे, त्यामुळे त्या महिन्यात एकही दुपार मी घरी पाहिलेली नव्हती.

माझ्याकडे आलेल्या गठ्ठ्यात नेमका तो प्रश्न होता. पेनिसिलिनची रचना काढा आणि त्यातल्या बीटा-लॅक्टम वलयाचं महत्त्व सांगा. एकाने लिहिलं होतं की पेनिसिलिन अत्यंत महत्त्वाचं असल्यामुळे त्याचं महत्त्व फार आहे. एकीने वलय काढून त्याला आतून शेडिंग केलं होतं, अगदी रांगोळीसारखं. पण खरा घोळ विद्यापीठाने दिलेल्या आदर्श उत्तरात होता. तिथे वलयाला पाच कोपरे होते. मी उठून मुख्य परीक्षकांकडे गेले. म्हटलं, सर, हे चार अणूंचं असतं, तीन कार्बन आणि एक नायट्रोजन. ते चौकोनी आहे म्हणूनच तर औषध चालतं. सरांनी कागद जवळ धरून पाहिला, लांब धरून पाहिला.

"मॅडम, एका कोपऱ्याने काय बिघडतं? आदर्श उत्तराप्रमाणे चला. ज्यांनी चार काढलेत त्यांना सहानुभूतीचा अर्धा मार्क द्या."

मी जागेवर येऊन चौकोन काढणाऱ्यांना सहानुभूती वाटायला लागले. जेवणाच्या सुट्टीपर्यंत हॉलमधल्या कूलरांचं पाणी संपलं. प्राध्यापक मंडळींनी घामाचा निषेध म्हणून गठ्ठे बांधले आणि केंद्रप्रमुखांनी आम्हाला लवकर सोडलं.

घरी पोचले तेव्हा ऊन पांढरं झालं होतं. नानांच्या खोलीतून घोरण्याचा आवाज येत होता. आई स्वयंपाकघरात जमिनीवर शाल्मलीला मांडीवर घेऊन ओल्या फडक्याने तिचे तळपाय पुसत होत्या. मी पाण्यासाठी फ्रिज उघडला.

आत दिवा लागला नाही.

वर पंखा फिरत होता, म्हणजे वीज होती. मी मधल्या कप्प्यातून औषधाची बाटली काढली. कोणीतरी चहा विसरून गेल्यावर कप जसा लागतो, तशी ती हाताला लागली. खिडकीशी नेऊन उजेडात धरली. आधी दुधासारखं पांढरं असलेलं औषध पिवळं पडलं होतं.

मी दबक्या आवाजात आईंना विचारलं. त्यांनी दूधवाल्याची वेळ सांगावी तसं सांगितलं. जेवण झालं की नाना फ्रिज बंद करतात. चहाला उठले की परत लावतात. ऊन वाढल्यापासून रोजच. दाराचं रबर फाटलंय, त्यामुळे बंद केला की आत लगेच तापतं. कॉम्प्रेसरला एवढ्या उन्हात जरा पडायला नको का, म्हणतात. "दूध मी काढून माठाशेजारी परातीत ठेवते, म्हणून नासत नाही," त्या म्हणाल्या. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "औषधालाही थंड लागतं का गं? मला वाटलं, इंग्रजी औषध म्हणजे कडक असेल. टिकत असेल."

सकाळी मी बाटली काढायची तेव्हा ती थंड असे. रात्री काढायची तेव्हाही थंड असे. मधल्या वेळात ती रोज खानदेशातला मे महिना सोसून येत होती.

मी तशीच बाटली घेऊन दवाखान्यात गेले. डॉ. नेहेतेंनी ती हलवली, रंग पाहिला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. म्हणाले, हे औषध हरलं असं मी म्हणणार नाही, कारण ते तिच्यापर्यंत गेलंच नाही. त्यांनी नवी बाटली लिहून दिली, तीच. दोन दिवस नीट दिली तर बहुतेक निभावेल, भरती टळेल. पण यातली एक दुपार जरी वाया गेली, तर ते लगेच भरती करून घेणार होते.

म्हणजे आता सगळं एका बटणावर आलं होतं. ते बटण स्टॅबिलायझरचं होतं आणि स्टॅबिलायझर नानांच्या खोलीत, त्यांच्या उशाशी. स्वयंपाकघरातल्या सॉकेटच्या अर्थिंगवर त्यांचा विश्वास नव्हता, म्हणून फ्रिजची वायर भिंतीला भोक पाडून त्यांच्या पलंगापर्यंत नेलेली होती.

संध्याकाळी मी सगळं सांगितलं. नानांनी फार शांतपणे ऐकलं. मग मला त्यांनी कॉम्प्रेसर समजावून सांगितला. ते नातीवर जीव टाकत, यात मला तेव्हाही शंका नव्हती. तिच्या तापाने त्यांचं जेवण तुटलं होतं. पण कॉम्प्रेसर जळाला तर उरलेला उन्हाळाभर औषध कुठे ठेवणार, हा त्यांचा सवाल होता, आणि तो ते असा टाकत की उत्तर देणाराच बेजबाबदार ठरे. समोरच्यांच्या फ्रिजमध्ये बाटली ठेवते म्हटलं, तर ते म्हणाले, फालकांच्या घरचं औषध लोकांच्या फ्रिजात? शाल्मलीला घेऊन माहेरी जाते म्हटलं, तर म्हणाले, तापलेल्या पोरीला या उन्हात एसटीने नेणार, आणि म्हणे मी यंत्राचा विचार करतो. शेवटी त्यांनी मला धीर दिला. उद्या दुपारची व्यवस्था ते स्वतः करणार होते.

मी हर्षलला फोन केला. तो म्हणाला, थांब, मीच बोलतो. नंतर बराच वेळ नानांचा आवाज ऐकू येत होता. तिकडे आंबा काय भाव आहे, कंपनीच्या क्वार्टरला पाणी येतं का, गाडीच्या टायरचं काय झालं. मग माझ्या मोबाइलवर हर्षलचा मेसेज आला. विषय काढण्यासारखा मूड नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी केंद्रावर गेलेच नाही. सकाळी नव्या बाटलीतलं औषध दिलं. दुपारी आमरसाचं जेवण झालं, नानांनी हात धुतले, दात कोरले आणि आत गेले. भिंतीपलीकडे टक् असा आवाज झाला. फ्रिज एकदा अंग झटकल्यासारखा हलला आणि गप्प झाला.

नाना बाहेर आले ते हातात दोरा घेऊन. त्यांनी बाटलीच्या गळ्याला फास बसवला, कूलरची जाळी उघडली आणि बाटली आतल्या पाण्यात सोडली. दोरा जाळीला बांधून त्याला सुरगाठ मारली.

"ही घे व्यवस्था. वर वाळ्याचा वास लागेल तो वेगळाच."

मी त्या पाण्यात बोट घालून पाहिलं. आंघोळीला चाललं असतं.

तेव्हा मी पेन घेतलं. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या कडेला एक चौकोन काढला आणि आयुष्यात पहिल्यांदा नानांना बसायला सांगितलं. ते बसले, कारण ज्ञानाचा त्यांना आदर होता. आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात लसूण सोलत होत्या. शाल्मली त्यांच्या मागे चटईवर कण्हत होती.

मी म्हटलं, हे चार अणूंचं वलय. या अणूंना ऐसपैस बसायची सवय असते. इथे त्यांना काटकोनात कोंबून बसवलंय, म्हणून ते सारखं ताणलेलं असतं, चाप ओढून ठेवलेल्या उंदराच्या पिंजऱ्यासारखं. जंतू स्वतःभोवती भिंत बांधतो. ती बांधणारा जो गवंडी असतो, त्याच्या हातात हे वलय जाऊन फटकन उघडतं आणि त्याचा हात कायमचा अडकतो. भिंत अर्धवट राहते आणि जंतू फुटतो. आपल्या पेशींना तशी भिंतच नसते, म्हणून आपल्याला काही होत नाही. हे औषध यायच्या आधी कान असा फुटला की पोरं बहिरी व्हायची, काही दगावायचीसुद्धा.

"मग चांगलंच आहे की," नाना म्हणाले. "एवढं पराक्रमी औषध, आणि दुपारच्या उन्हाला घाबरतं?"

"त्याची ताकद त्या ताणातच आहे, नाना. पाण्यात कालवून उन्हात ठेवलं की चाप बाटलीतच सुटतो. मग मी तिला काय देते? गोड पाणी."

ते विचार करतायत असं मला वाटलं, म्हणून मी पुढे बोलत गेले. म्हटलं, जंतूही हुशार झालेत. हे वलय आधीच कापून टाकणारी एक कात्री त्यांनी तयार केली. म्हणून या बाटलीत दोन औषधं आहेत. दुसऱ्याचं नाव क्लॅव्हुलॅनिक ॲसिड. ते स्वतः जंतू मारत नाही म्हटलं तरी चालेल. ते पुढे होतं. कात्री त्याच्यावर चालते आणि त्याच्यातच अडकून बसते. तेवढ्या वेळात खरं औषध आपलं काम करून घेतं. आणि उन्हाने सगळ्यात आधी मोडतं ते हे दुसरं.

नानांना हे आवडलं. "म्हणजे हेल्परच की. आमच्या खात्यात ढिगाने होते असे. स्वतः काही करायचं नाही, नुसतं पुढे पुढे करायचं."

उंबऱ्यातून आईंचा आवाज आला. "ते मोडल्यावर परत नीट होतं का गं?"

"नाही, आई. ते तिथेच संपतं."

त्यांनी मान हलवली आणि लसणाची टरफलं गोळा केली. शाल्मली मागे कण्हली. मी तिच्या काखेत थर्मामीटर लावला आणि पारा चढलेला पाहून नानांना आकडा सांगितला. नानांचा चेहरा पडला. पण त्यांची डुलकीची वेळ झाली होती आणि सिद्धान्ताची वेळ तर नेहमीच झालेली असे. ते उठले, फ्रेमखाली उभे राहिले आणि त्यांनी बोट वर केलं. म्हणाले, पोरी, घाबरून निर्णय घ्यायचे नसतात. त्या दुपारी सबस्टेशनवर मी जर तुझ्यासारखा घाबरलो असतो...

"त्या दुपारी तुम्ही झोपला होतात," आई म्हणाल्या.

आवाज अजिबात चढलेला नव्हता. भाजीत मीठ घालायचं राहिलंय, असं सांगावं तसा तो आवाज होता. नाना बोट वर करून तसेच उभे राहिले.

"स्विच तुमच्या हेल्परने, भिका सपकाळेने ओढला. आधी तो तुम्हाला उठवायला क्वार्टरवर आला होता. दार वाजवून वाजवून परत गेला, मग त्याने ओढला. तुम्ही उठलात तेव्हा सगळं झालेलं होतं."

"हे कोण म्हणतं?" नानांनी विचारलं.

"त्याची बायको, यशोदा. हर्षलला घेऊन मी माहेराहून आले ना, त्या साली हळदीकुंकवाला सांगून गेली. ती काही हा फ्रेममधला कागद मागायला आली नव्हती. नुसती सांगून गेली."

नाना खोटं आहे म्हणतील, ओरडतील, म्हणून मी शाल्मलीला उचलून जवळ घेतलं. ते ओरडले नाहीत. त्यांनी एकदा आईंकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, आणि मला वाटतं, मी तिथे होते हेच त्यांना जास्त लागलं. बोट खाली कधी आलं ते कळलंच नाही.

"माझी बॅग कुठंय?" ते म्हणाले.

घरात काही बिनसलं की नाना यावलला बहिणीकडे जात आणि आठवडाभर राहत, हे सगळ्या भावकीला माहीत होतं. आईंनी पलंगाखालून बॅग काढली. दोन सदरे, दोन धोतरं आणि पित्ताच्या गोळ्या भरल्या. बाहेर रस्ता वितळत होता. नानांनी छत्री घेतली. ते गेटपर्यंत पोचले तेव्हा आई मागून गेल्या आणि त्यांच्या सदऱ्याच्या खिशात एक कांदा घातला, ऊन बाधू नये म्हणून. नानांनी तो घालू दिला.

परत आल्यावर आई सरळ नानांच्या खोलीत गेल्या. भिंतीपलीकडे टक् झालं आणि फ्रिज गुरगुरायला लागला. मी कूलरमधून बाटली ओढून घेतली, दोरा कापला, पुसून मधल्या कप्प्यात ठेवली. त्या दिवसानंतर त्या फ्रिजला दुपारची झोप कधी मिळाली नाही. कॉम्प्रेसरला काही झालं नाही. पुढे तेरा-चौदा वर्षं तो तसाच चालला.

नव्या बाटलीच्या तिसऱ्या दिवशी पहाटे शाल्मली घामाने भिजून उठली आणि तिने भूक लागली म्हणून सांगितलं. मी तिचं कपाळ चाचपलं, आईंनी चाचपलं, मग पुन्हा मी चाचपलं. डॉ. नेहेतेंनी कान पाहिला. कोरडा होत होता. मोठ्या औषधाचं कपाट त्यांनी उघडलं नाही. ती आता बारावीला आहे. हाका मारल्या तर ओ देत नाही, पण तो कानाचा दोष नाही.

नाना आठवड्याने आले. बहिणीकडची केळी घेऊन आले, शाल्मलीच्या कपाळाला हात लावला, तिला एक केळं सोलून दिलं. स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले तेव्हा दुपारच्या त्या वेळी फ्रिज चालू होता. त्यांनी तो ऐकला असणार. पेला विसळून पालथा घातला. चार दिवसांनी सिलिंडरवाला आला. त्याने सवयीने फ्रेमकडे बघून विचारलं, काय साहेब, किती डिग्री होतं म्हणता त्या दिवशी? नानांनी त्याला पावती मागितली. गोष्ट पुन्हा कधी सांगितली गेली नाही. घरात केवढी तरी शांतता झाली. हीच शांतता आपल्याला हवी होती, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत राहिले.

त्याच आठवड्यात एका दुपारी आई भरितासाठी वांगी भाजत होत्या. नाना यावलहून आले ते तोंडाची चव गमावूनच, म्हणून त्यांच्या आवडीचं. मला आईंचे आभार मानायचे होते आणि ते कसे मानतात हे मला येत नव्हतं. मी उगाच मिरच्यांचे देठ काढत बसले. मग विचारलं, की खरंच नानांना इतकी वर्षं वाटत होतं का, स्विच आपणच ओढला म्हणून? माणूस सांगता सांगता स्वतःच विश्वास ठेवायला लागतो, तसं काही?

आईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की एम.एस्सी.पर्यंत शिकवून हिला नक्की काय शिकवलं.

"त्यांना माहीत नसायला काय झालं? झोपले तेच होते ना. मला माहीत आहे, हे त्यांना माहीत नव्हतं."

वांग्याचं साल तडकलं. त्यांनी ते ज्वालेवरून जरा बाजूला घेतलं.

"लग्न झाल्यापासून घरात एक तरी माणूस आपल्याला मोठं समजतं, एवढं त्यांचं होतं," त्या म्हणाल्या. "दर दसऱ्याला मी त्या फ्रेमला झेंडूचा हार घालायची. तेव्हा ते पेपर वाचत असल्यासारखं करायचे, पण बघायचे. मला कळायचं बघतायत ते. हे बोलायचं नाही, असं मी ठरवूनच टाकलेलं होतं. भांडणं काय कमी झाली? तरी कधी काढलं नाही."

मी म्हटलं, मग येत्या दसऱ्याला काय करणार?

"तेच बघतेय," आई म्हणाल्या. "आता हार घातला तर टोमणा होतो. नाही घातला तर शिक्षा होते."

आतल्या खोलीकडे त्यांनी एकदा कान दिला. मग चिमटा भांड्याला लागणार नाही अशा बेताने वांगं पालटलं. नाना झोपले होते.